निशाणाच्या पलीकडची माणसं

९ नोव्हेंबर २०२५ला सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या माळावर ‘श्रीनाथ केसरी’ हे बैलगाडी शर्यतीचं मैदान भरलं. डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी ते भरवलं होतं. पहिल्या नंबराला फॉर्च्युनर गाडी होती. ‘हेलिकॉप्टर बैज्या’ आणि ‘ब्रेकफेल’ या जोडीनं ती मारली. त्या संध्याकाळी ही दोन नावं आमच्या भागातल्या प्रत्येक मोबाईलवर होती. सहावीतल्या पोराला विचारलं तरी बैज्याचा पैरा, म्हणजे जोडीचा बैल, कोण, तो आधी कुठल्या मैदानात पळाला, हे तो धडाधड सांगेल.

निशाण म्हणजे शर्यतीची शेवटची रेषा. ती ओलांडल्यावरही जोडी थांबलेली नसते. अंगातला वेग तसाच असतो, पुढे गर्दी असते, गर्दीपलीकडे उभ्या गाड्या असतात. तेवढ्या अंतरात कुणीतरी पुढे होतं, वेसणीला किंवा कासऱ्याला हात घालतं आणि बैल थांबवतं. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं. ही माणसं कोण, कुठल्या गावची, त्या दिवशी त्यांना कुणी उभं केलं, हे सांगणारा कागद कुठल्याही मैदानात मला अजून दिसलेला नाही. हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांच्यासारख्याच इतरांबद्दल. पंच, हलगीवाले, मांडववाले, बंदोबस्तावरचे होमगार्ड, पाण्याच्या टँकरवरचा पोरगा. खेळ बघायला हजारो येतात. ही माणसं तिथं कामाला आलेली असतात.

ज्यांनी मैदान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुणे जिल्ह्यात घाट असतो, गाड्याला चार बैल असतात, पुढे घोडी पळते. आमच्याकडे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत या पट्ट्यात एका वेळी पाच-सात गाड्या शेजारी शेजारी सुटतात. प्रत्येक गाडीला आपला तास. नांगराच्या तासावरूनच हा शब्द इथं आला. दोन बैल, मागे हलकासा छकडा, छकड्यावर ड्रायव्हर. आधी गट, मग सेमी, मग फायनल. सकाळी पहिला गट सुटतो आणि फायनलला दिवस कलतो. आदत म्हणजे दात न लावलेला खोंड, मग दुसा, चौसा, मग मोठे बैल, असे वयाप्रमाणे वेगळे डाव. खिलार बैल चार-पाचशे किलोंचा. जोडी म्हटली की जवळजवळ एक टन वजन, आणि ते वजन घोड्यासारखं पळतं.

सुटण्याच्या जागी प्रत्येक जोडीपुढे माणसं उभी असतात. बैल तासात उभे करायचे, पुढे सरकू द्यायचे नाहीत, झेंडा पडला की त्याच क्षणी सोडून बाजूला व्हायचं. याला आमच्याकडे सुट्टी म्हणतात, आणि सुट्टी करणाऱ्या हुशार माणसाला मैदानात मान असतो. पण झेंडा पडायच्या आधी शेजारच्या तासातली जोडी उसळली की सगळीच बिथरतात. पुढं उभा असलेला माणूस कुठं पळणार? उजवीकडे दुसरी जोडी, डावीकडे तिसरी. शिंग, खूर किंवा जू, यातलं काहीतरी लागतंच. छातीला आणि मांडीला लागलेलं असतं, आणि बहुतेक जण ते दोन दिवस अंगावर काढतात.

ड्रायव्हरचं सगळ्यांना दिसतं. छकड्याला ना कठडा, ना पाय अडकवायला काही. चाक खड्ड्यात गेलं किंवा दोन छकड्यांची चाकं एकमेकांत गुंतली की तो फेकला जातो, आणि मागून येणाऱ्या गाडीला थांबता येत नाही. तरी ड्रायव्हरला नाव आहे. नावाजलेल्या ड्रायव्हरला बैलमालक बोलावून नेतात, बक्षिसात वाटा देतात, पडला तर दवाखान्यात नेतात. सगळेच नेतात असं नाही, पण नेणारे आहेत.

निशाणाच्या पलीकडे मात्र गोष्ट वेगळी. तिथं बैल धरायला उभी असलेली माणसं बहुधा कुणाचीच नसतात. काही बैलमालकाबरोबर पिकअपमधून आलेले सालगडी, काही गावातली नादाची पोरं, काही यात्रा कमिटीनं चहा-नाश्ता आणि शे-दोनशे रुपयांवर उभे केलेले. काम सगळ्यांचं एकच. पळत्या जोडीच्या बाजूनं पळायचं, कासरा पकडायचा, आपल्या वजनानं बैल वळवायचा. जुनी माणसं पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात की कासरा हाताला कधी गुंडाळायचा नाही. गुंडाळला की हात सुटत नाही. बैलानं झटका दिला की दोर बोटांवरून ओढला जातो आणि कातडी मोजा काढावा तशी निघून येते. बोट राहिलं तरी ते बोट परत मुठीत येत नाही.

आमच्या आळीत एक तात्या होते. मी शाळेत असताना ते यात्रेतल्या शर्यतीत बैल धरायचे. एका चैत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. कमिटीनं वर्गणीतून तेव्हाचा दवाखान्याचा खर्च केला, हे मला चांगलं आठवतं, आणि त्याबद्दल गावाला दोष देण्याचं माझ्या मनात नाही. पण तात्या मजुरीवर जगणारे होते. ऊसतोडीला जायचे. दोन बोटं नसलेल्या हातात कोयता नीट बसत नाही. पुढची दहा-बारा वर्षं त्यांनी कमी मजुरीवर राखणीची कामं केली. यात्रा दरवर्षी होत राहिली. त्या जखमेचं पुढं काय झालं हे कमिटीतल्या कुणी विचारलं नाही, कारण तात्या त्या दिवशी कामावर होते असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तात्यांच्यासुद्धा. ते म्हणायचे, नादानं गेलो, नशिबानं लागलं. अजूनही मैदानात कुणाला लागलं की हेच शब्द ऐकू येतात.

नाद खरा आहे. मलाही तो आहे, आणि शर्यत बंद व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही. पण नादाच्या माणसालाही हाड असतं आणि महिन्याचा किराणा असतो.

शर्यतीच्या कायद्याची गोष्ट या जागी सांगायला हवी, कारण मैदानात सगळ्यात काटेकोर कागद बैलाचा का असतो ते त्यातून कळतं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतीची नियमावली काढली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं ते थांबवलं. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या कायम केल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत ठेवावी लागते, पळण्याचं अंतर एक हजार मीटरपेक्षा जास्त चालत नाही, बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी, चाबूक, विजेचा शॉक यांना बंदी. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

हे सगळं योग्यच आहे. बैलांचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. शेपट्या पिरगाळलेल्या, पराण्या टोचलेल्या पाहिल्या आहेत. नियमावली प्राण्यांच्या कायद्याच्या पोटी जन्मली, तेव्हा तिनं बैलाकडे बघणं हे तिचं कामच. पण बैलाला धरणारा त्या दिवशी कुणाचा मजूर, त्याची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न प्राण्यांच्या कायद्याचा नव्हे, आणि दुसऱ्या कुणी तो विचारायला मैदानात आलं नाही.

बंदीच्या सात वर्षांनी एक नुकसान मात्र केलं. शर्यती चोरून होत होत्या. आडबाजूच्या माळावर, पहाटे, पोलिसांची गाडी येण्याआधी. २० ऑगस्ट २०२१ला आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात संचारबंदी असताना आमदार गोपीचंद पडळकरांच्या समर्थकांनी ठरल्या जागेऐवजी दुसऱ्याच माळावर पहाटे शर्यत घेतली, ते राज्यभर गाजलं. पण त्याआधी कितीतरी मैदानं कुणाला न कळता झाली. तिथं कुणाला लागलं तर दवाखान्यात काय सांगायचं? घरच्या जनावरानं मारलं, नाहीतर गाडीवरून पडलो. खरं सांगितलं तर पोलीस येणार, आणि ज्यानं कामाला नेलं तोच अडकणार. बंदी उठली, पण ही सवय उठली नाही. आजही केसपेपरवर ‘घरच्या बैलाने मारले’ असंच लिहून घेतलं जातं. मग मैदानात किती माणसं जखमी होतात याचा हिशेब कुठून येणार? पशुवैद्यकाच्या दाखल्यावर बैलाची नोंद असते. माणसाची जखम मैदानातून बाहेर पडताच घरगुती होते.

नादानं कामाला उभ्या राहिलेल्या माणसांचे अपघात दूरच्या जगातही झाले आहेत, आणि तिथं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. फॉर्म्युला वन शर्यतीत रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभे राहणारे, आग विझवणारे मार्शल असतात. त्यातले बहुतेक नादानं आलेले स्वयंसेवक. सप्टेंबर २०००मध्ये इटलीत मोंझाला पाओलो जिस्लिंबेर्ती हा आग विझवणारा मार्शल गाडीचं उडालेलं चाक लागून मेला. सहा महिन्यांनी, मार्च २००१मध्ये, मेलबर्नला ग्रॅहम बेव्हरिज हा स्वयंसेवक तसाच गेला. चाक कुंपणाच्या मोकळ्या फटीतून आलं होतं. मरण पावलेला माणूस नादानं आला होता म्हणून तिथं कुणी विषय सोडून दिला नाही. चाकांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या आधी होत्या, त्या पुढच्या काळात मजबूत झाल्या आणि २०११पासून प्रत्येक चाकाला दोन झाल्या. माणूस कुठं उभा होता, तिथं का उभा होता, एवढं विचारण्यापासून तिथं सुरुवात झाली.

आपल्या मैदानात निशाणाच्या पलीकडे किती जागा मोकळी ठेवायची? बैल आपोआप मंदावतील एवढी. पुढे दोन्ही बाजूंनी निमुळत्या होत जाणाऱ्या बल्ल्या किंवा जाळी लावली, मध्ये मऊ नांगरट ठेवली, तर जोडी स्वतःच दमानं घेते, आणि धरणाऱ्याला पळत्या बैलापुढं उडी घ्यावी लागत नाही. नांगरटीत बैल मंदावतो हे शेतकऱ्याला शिकवायला नको. अशी जागा राखलेली मैदानं मी पाहिली आहेत. पण जास्त मैदानांत तीच जागा सगळ्यात भरलेली असते, कारण निकाल तिथून दिसतो. निवेदक माईकवरून ओरडून ओरडून थकतो, ‘गाडी आली, बाजूला व्हा’. लोक हलत नाहीत, आणि धरणारा गर्दी आणि बैल यांच्या मध्ये सापडतो. तो हटला तर बैल पोराबाळांत शिरणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो हटत नाही. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि तेव्हा त्या माणसाचं नाव विचारायचं मलाही सुचलं नाही, याची खंत आहे.

आता पंचांसाठी कुस्तीकडे वळतो. सांगली-सातारा हा कुस्तीचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी हिंदकेसरी मिळवली. पलूस तालुक्यातल्या कुंडलचं मैदान शंभराहून अधिक वर्षांचं. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात झाली, आणि मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली.

पैलवानाच्या दुखापतीबद्दल आपल्याकडे बोललं जातं. गुडघा गेला, खांदा निखळला, कान फुटून कोबीसारखा झाला, हे सगळं घरोघरी माहीत आहे. पंचाच्या दुखापतीबद्दल कुणी बोलत नाही. आखाड्यातला पंच वाकून, गुडघ्यावर, कधी पालथा पडून बघत असतो की पाठ टेकली की नाही. शे-सव्वाशे किलोचे दोन मल्ल अंगावर कोसळले तर त्याला सरकायला क्षणाचा वेळ नसतो. गावच्या मैदानात असे पंच म्हणजे बहुधा जुने पैलवान, पन्नाशी-साठीचे, ज्यांचे गुडघे आधीच गेलेले. दुपारी दोनला उभे राहिले की रात्री दिव्यांच्या उजेडात शेवटची जोड सुटेपर्यंत उभेच. मानधन म्हणून फेटा, नारळ आणि पाकीट.

आणि निकालाचा राग निघतो तोही त्यांच्यावर. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत उपांत्य लढतीतल्या गुणांवरून वाद झाला आणि पंचाला फोनवरून धमकी आली. प्रकरण पोलिसांत गेलं. २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकालावर चिडून पैलवान शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. दुसऱ्या लढतीत महेंद्र गायकवाडनंही पंचांशी वाद घातला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. त्यानंतर आठवडाभर राज्यात चर्चा झाली ती एकाच गोष्टीची, निर्णय बरोबर होता की चूक. पाठ टेकली होती की नव्हती. कुस्तीच्या शौकिनांनी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. निर्णय चुकला असेल तर त्याला दाद मागायची रीत आहे, ती अधिक चांगली करता येईल. पण कामावर असलेल्या माणसाला लाथ बसली, हा वेगळा विषय आहे आणि तो निकालाच्या वादात बुडून गेला. कचेरीत साहेबाला किंवा एसटीत कंडक्टरला कुणी लाथ मारली तर आपण आधी त्याच्या निर्णयाचं बरोबर-चूक बघतो का? माझ्या मते पंचाला मारणाऱ्याची कुस्ती तिथंच संपली पाहिजे, निकाल काहीही असो.

हलगीवाल्यांचं दुखणं दिसत नाही म्हणून ते आणखी मागे राहतं. हलगी, घुमकं, कैताळ. यांच्याशिवाय कुस्ती लागत नाही आणि शर्यतीला रंग चढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारी घराणी आहेत, बहुतेक मातंग समाजातली, आणि आठ-दहा तास ती कर्ण्याच्या तोंडाशीच उभी असतात. कारखान्यातल्या कामगारासाठी आपल्याकडे आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. मैदानातल्या वाजंत्र्यासाठी कुणी मोजलंच नाही. चाळिशी-पन्नाशीत त्यातल्या अनेकांना समोरच्याचं बोलणं दोनदा विचारावं लागतं. ते बहिरेपण वयाच्या खाती जमा होतं.

मांडववाल्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं काम सगळ्यात ओळखीचं आणि सगळ्यात धोक्याचं. लोखंडी पाईप, वरून गेलेली विजेची तार, आणि चैत्र-वैशाखातला वळीव. साताऱ्याच्या महाराष्ट्र केसरीतही अवकाळी पावसानं अडथळा आणला होता. अशा वेळी प्रेक्षक आडोशाला पळतात आणि मांडववाली पोरं उलट्या दिशेनं, म्हणजे खांबांकडे, पळतात. ताडपत्री वाऱ्यात भरली की ती धरणाऱ्याला उचलून नेते.

बंदोबस्तावरच्या होमगार्डचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचं आहे. होमगार्डची संघटना १९४६ची. ही माणसंही रोजाचीच, आपापले धंदे सांभाळून येणारी. २०२४ मध्ये त्यांचा दिवसाचा भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ रुपयांवर गेला. तो वाढवून घेता आला, कारण त्यांचं नाव यादीत आहे, हजेरी लागते, कुठल्या दिवशी कुठल्या मैदानात कोण उभा होता हे कागदावर आहे. त्यांचे प्रश्न संपलेत असं नाही. पण त्यांच्यापासून दहा फुटांवर उभ्या असलेल्या बैल धरणाऱ्याला प्रश्न मांडायलासुद्धा जागा नाही. दोघांत फरक फक्त हजेरीच्या एका ओळीचा आहे.

जखमी माणूस पुढे कुठं जातो? जत किंवा आटपाडीच्या टोकावरून मिरज-सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ला सुरू केलेल्या रुग्णालयापासून आजच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत उपचारांची मोठी परंपरा आहे, पण तिथं पोचायला दीड-दोन तास लागतात. त्याआधी बरेच जण हाडवैद्याकडे जातात. मी त्यांना हिणवत नाही. तालमीतल्या वस्तादांनी निखळलेले खांदे बसवलेले मी पाहिले आहेत. पण कोपराचं हाड मोडलेलं असताना चोळून बांधलं की ते वाकडं जुळतं, आणि हात अर्ध्यावर अडकतो. मैदानात एक्स-रे नसतो, पण मोडलेला हात फळीला बांधून थेट मोठ्या दवाखान्यात पाठवायचा, चोळायचा नाही, एवढं सांगणारा एक माणूस असू शकतो. १०८ची रुग्णवाहिका राज्यात २०१४पासून आहे. ती बोलावल्यावर येते. पण तालुक्यातली तीच गाडी दिवसभर मैदानाशी अडवून ठेवली तर बाकीच्या गावांनी काय करायचं? मोठ्या बक्षिसाच्या मैदानानं स्वतःची रुग्णवाहिका भाड्यानं आणावी. चारचाकी गाडी बक्षीस देणाऱ्याला तेवढं जड नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, त्यामुळे ऑपरेशनचा खर्च बऱ्याचदा भागतो. तीन महिने हात प्लास्टरमध्ये असताना चूल कशी पेटायची, हे त्या योजनेत नाही. शेतकऱ्यांसाठी २०२३पासून गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख. पण तिथं सातबारा लागतो. बैलमालकाकडे सातबारा असतो. बैल धरणाऱ्याकडे आणि हलगीवाल्याकडे बहुधा नसतो.

मजुराच्या भरपाईचा कायदा मात्र शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. या कायद्याचं गणित साधं आहे. महिन्याची मजुरी पंधरा हजार धरली आणि चाळीस वर्षांचा माणूस कामावर असताना मेला, तर निम्मी मजुरी गुणिले वयाचा आकडा १८४.१७, म्हणजे १३ लाख ८१ हजार २७५ रुपये. हात मोडून काही आठवडे घरी बसला, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या पंचवीस टक्के, आणि औषधोपचाराचा खर्च वेगळा. पूर्वी धंद्याबाहेरच्या कामाला अधूनमधून लावलेला नैमित्तिक मजूर या कायद्यातून वगळलेला होता. २००० सालच्या दुरुस्तीत ती वगळणूक काढून टाकली. म्हणजे ‘एक दिवसाचा माणूस होता’ हे उत्तर आता पुरेसं नाही.

पण या कायद्याला कामांची एक यादी जोडलेली आहे. त्यात हत्ती आणि जंगली प्राणी शिकवणारे, सांभाळणारे आहेत. सर्कशीत काम करणारे आहेत. विजेच्या तारा आणि खांब उभे करणारे आहेत. शर्यतीचा बैल धरणारा त्यात नाही, कुस्तीचा पंच नाही. १९२३ साली ती यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमची यात्रा नव्हती, हे समजू शकतं. आज ती आमच्या आमदारांच्या डोळ्यांपुढे आहे. ते स्वतः मैदानाचं उद्घाटन करतात, निशाणाजवळच्या स्टेजवर बसतात. शर्यत सुरू व्हावी म्हणून सगळ्या पक्षांचे लोक विधिमंडळात एक झाले. यादीत एक ओळ वाढवून घेण्यासाठी तेवढ्याच जोरानं का बोलू नये?

हे होऊ शकतं याचा पुरावा दहीहंडीत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनं गोविंदांसाठी मदत जाहीर केली. मृत्यूला दहा लाख, दोन अवयव गेले तर साडेसात लाख, एक गेला तर पाच लाख. २०२३ला पन्नास हजार गोविंदांचा विमा निघाला आणि २०२५ला दीड लाखांचा. गोविंदा पथकं नोंदलेली असतात, त्यांची यादी तयार असते, मुंबईत त्यांचं वजन आहे. माण-खटावच्या माळावरच्या माणसाचं वजन तेवढं नाही, पण त्याच्या अंगावर येणारा बैल हंडीच्या थरापेक्षा हलका नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पुसेगावला मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं मैदान भरेल, मग चैत्रापासून गावोगावच्या यात्रा लागतील. तोपर्यंत थांबायचं कारण नाही. यात्रा कमिट्यांना माझं एकच मागणं आहे. वर्गणीच्या पावतीपुस्तकाशेजारी एक शंभर पानी वही ठेवा. सकाळी पहिला गट सुटायच्या आधी तिच्यात त्या दिवशी कामावर असलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, वय, काम आणि मजुरी लिहा आणि त्याची सही किंवा अंगठा घ्या. सुट्टी करणारे, बैल धरणारे, झेंडापंच, निवेदक, हलगीवाले, मांडववाले, टँकरवाला, महाप्रसादाच्या कढईशी उभ्या असलेल्या बायका. कुणाला लागलं तर त्याच पानावर वेळ आणि जखम लिहा, आणि केसपेपरवर खरं कारण सांगा. आता शर्यत कायदेशीर आहे, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. कामगार न्यायालयात उद्या कुणाची विधवा उभी राहिली, तर तो माणूस त्या दिवशी कामावर होता हे सांगणारा तो पहिला कागद असेल.

त्याच वहीत एक रकाना विम्याचा ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही हात, पाय, डोळे गेले तर दोन लाख, आणि एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर एक लाख मिळतात. मोडलेल्या हाडाला तिथं काही मिळत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबून चालणार नाही. पण ज्याचा विमा नसेल त्याला यात्रेच्या आधी बँकेत नेऊन फॉर्म भरून देणं कुठल्याही कमिटीला जमण्यासारखं आहे. वय अठरा ते सत्तर लागतं आणि बँकेत खातं लागतं. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं. वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे. साठ माणसांचे बाराशे रुपये होतात.